राहत्या खोलीतला फवारा

गणपतीच्या मूर्तीसाठी पेणची ओळख करून द्यावी लागत नाही. पेण शहरातल्या जुन्या कारखान्यांपासून हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांपर्यंत वर्षभर मूर्ती घडत असतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती पावसाळ्याच्या कितीतरी आधी जहाजावर चढतात, आणि पेणच्या गणेशमूर्तीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या व्यवसायावर लिहिणाऱ्याची नजर साहजिकच मूर्तीवर खिळते. डोळ्यांची आखणी, सोंडेचे वळण, पीतांबराची झळाळी यांवर पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच आहे. ही पुस्तिका मात्र मूर्तीपेक्षा ती ज्या खोलीत रंगते त्या खोलीकडे आणि तिथल्या हवेकडे पाहते.

मोठ्या कारखान्यांना स्वतंत्र शेड असते. लहान कारखाना घरातच असतो. पडवीत किंवा ओटीवर फळ्यांच्या मांडणीत मूर्ती बसलेल्या असतात, भिंतीपलीकडे स्वयंपाक चालतो, आणि हंगाम वाढला की मूर्ती माजघरातही येतात. पेणहून कच्च्या, म्हणजे रंग न दिलेल्या मूर्ती आणून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे घरी रंगवणारी कुटुंबेही आहेत. त्यांच्याकडे तर निराळी जागा नसतेच. ज्या खोलीत कॉम्प्रेसर चालतो तिथेच रात्री अंथरुणे पडतात. पनवेल-अलिबागच्या ब्लॉकमध्ये प्लॅस्टिकची विमाने, रणगाडे, युद्धनौका जोडून रंगवणारी तरुण मुलेही याच अडचणीत असतात. त्यांचे विमान तळहाताएवढे आणि यांचा गणपती दोन फुटांचा, तरी हातातले हत्यार एकाच जातीचे, आणि खोली दोघांचीही सगळ्या घराबरोबर वाटून घेतलेली. म्हणून ही पुस्तिका दोघांसाठी आहे. उदाहरणे बहुतेक मूर्तिकामाची दिली आहेत, कारण छंद म्हणून रंगवणारा आठवड्यातून एखादी संध्याकाळ फवारा धरतो, तर मूर्ती रंगवणारी बाई आषाढ-श्रावणात तो दिवसदिवस धरते.

हा फवारा, म्हणजे एअरब्रश, मुळात चित्रकारांचे हत्यार. १८७० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ॲबनर पीलर यांनी त्याचे पहिले रूप केले. १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिक यांनी त्याला आजच्यासारखा घाट दिला. रंग आणि हवा तोटीच्या आतच मिसळतात आणि एका बोटाने दोन्ही आवरता येतात, ती ही रचना. फोटोंवर रंग चढवणे आणि जलरंगात हलक्या छटा भरणे ही त्याची सुरुवातीची कामे. मूर्तिकामात तो रुजला त्याचे कारणही छटाच. गणपतीच्या गालावरची लाली, पोटाच्या गोलाईची सावली, बोटांच्या पेरांतला गडदपणा ब्रशने दाखवायला पट्टीचा हात लागतो आणि वेळ लागतो. फवाऱ्याने ते काम एका मूर्तीमागे काही मिनिटांवर येते. आता ब्रशकडे परत जा असे कुणी कारागिराला सांगणार असेल तर ते मला पटत नाही. फवाऱ्याने या व्यवसायाला वेग दिला आणि शेडिंगमध्ये पेणची खास नजाकतही त्यानेच खुलवली. प्रश्न एवढाच आहे की मूर्तीवर न बसलेला रंग कुठे जातो.

तो थोडाथोडका नसतो. जास्त दाबाच्या साध्या गनमध्ये निम्म्याहून अधिक रंग वस्तूवर बसतच नाही. तो आपटून मागे फिरतो किंवा बाजूने निसटतो. तोटीतून निघताना त्याचे बारीक थेंब होतात. पाण्यातला रंग असेल तर उडता उडता त्यातले पाणी सुकते, थेंब आणखी लहान होतो, आणि मागे राहतो तो रंगाचा कोरडा कण. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनहून बारीक कण नाक-घसा ओलांडून श्वासनलिकेत उतरतात, आणि सुमारे ४ मायक्रॉनच्या खालचे फुफ्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोचतात. जमिनीवर आणि मांडणीवर जी रंगाची धूळ दिसते ती जाड कणांची. डोळ्यांना न दिसणारे कण काम थांबल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहतात. अंगाला फासला तरी चालणारा पाण्यातला रंग हुंगायलाही निर्धोक असतो, हा समज म्हणूनच सोडायला हवा. डब्यातल्या रंगापेक्षा हवेत उडालेल्या रंगाचा हिशेब वेगळा असतो. रंगद्रव्य, त्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ, रंग टिकावा म्हणून घातलेली रसायने, मोतिया झाकेतली अभ्रकाची पूड, सोनेरीतली तांबे-जस्ताची पूड, हे सगळे त्या कणांबरोबर श्वासात जाते.

दुसरी गोष्ट वाफेची. लॅकर, थिनर, काही वॉर्निश आणि मॉडेलचे काही रंग यांत पाण्याऐवजी टोल्युईन, ॲसिटोन यांसारखी द्रावणे असतात. कण आणि वाफ यांची गल्लत होते आणि तिथूनच मास्कची गल्लत सुरू होते. तोंडाला बांधलेला रुमाल या दोहोंपैकी एकालाही पुरेसा अडवत नाही. एन-९५ किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ मधला एफएफपी-२ दर्जाचा मास्क कण चांगले अडवतो, मात्र तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी वाढलेली असेल तर कडेच्या फटीतून हवा आत येते आणि उत्तम मास्कही निरुपयोगी ठरतो. वाफ मात्र याही मास्कमधून सरळ पार होते. तिच्यासाठी सक्रिय कोळशाच्या कार्ट्रिजचा रबरी मास्क लागतो, आणि ते कार्ट्रिज एकदा उघडले की हवेत पडल्या पडल्याही झिजते. काम झाले की ते झाकणबंद डब्यात ठेवावे. वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असेही धरू नये. थोड्या वेळाने नाक त्या वासाला सरावते आणि तो कळेनासा होतो.

हे सगळे पाळले तरी मूळ अडचण उरतेच, आणि ही पुस्तिका लिहिली गेली ती त्यासाठी. मास्क रंगवणाऱ्याच्या तोंडाला असतो. दाराशी बसून शेंगा निवडणाऱ्या आजीला तो नसतो, पाळण्यातल्या बाळाला नसतो, शाळेतून येऊन दप्तर टाकणाऱ्या मुलीला नसतो. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते, रांगत असेल तर जमिनीवरच्या धुळीत हात घालते आणि तेच हात तोंडात घालते. कारखान्यात सुरक्षिततेची सुरुवात कामगारापासून करता येते, कारण संध्याकाळी तो घरी जातो. इथे घरी जाणे नाही, घर तिथेच आहे. म्हणून पहिला खर्च खोलीवर व्हायला हवा आणि दुसरा मास्कवर. बाजारात आणि बोलण्यात हा क्रम नेहमी उलटा असतो.

खोलीवर खर्च म्हणजे तीन बाजूंनी बंद असलेली एक पेटी, तिच्या मागच्या बाजूला फिल्टर, त्यामागे एक्झॉस्ट फॅन आणि फॅनपासून घराबाहेर जाणारी नळी. नुसता खिडकीत बसवलेला फॅन पुरत नाही. फुंकरीने हातभर अंतरावरची पणती विझते, पण श्वास आत ओढून ती कुणाला विझवता येत नाही. फॅनचेही तसेच आहे. त्याच्या तोंडाच्या व्यासाएवढे अंतर पुढे आले की ओढ साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणून रंग जिथे उडतो ती जागाच पेटीच्या आत हवी. पेटीच्या तोंडाशी हवा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास वेगाने आत जायला हवी. ६० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच तोंडासाठी हा हिशेब तासाला सुमारे ४३० घनमीटर हवेचा होतो. फॅनच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर आणि नळी लावल्यावर तो बराच उतरतो, म्हणून फॅन गरजेपेक्षा मोठाच घ्यावा. १० फूट बाय १२ फूट आणि ९ फूट उंचीच्या खोलीत एवढी ओढ म्हणजे सगळी हवा तासाला १४ वेळा बदलणे. काम थांबल्यावर फॅन लगेच बंद न करता तीनदा हवा बदलू दिली, म्हणजे पंधरा मिनिटे चालू ठेवला, तर तरंगणाऱ्या कणांपैकी पाच टक्केच उरतात. मात्र कोपऱ्यांत आणि मांडणीमागे हवा इतकी चांगली मिसळत नाही, त्यामुळे अर्धा तास धरलेला बरा. तेवढ्या वेळात मुलांना आत येऊ देऊ नये आणि छताचा पंखा लावू नये. तो रंग बाहेर काढत नाही, सगळ्या घरभर वाटतो.

इथपर्यंतचे गणित कुठल्याही देशातल्या पुस्तकात सापडेल. रायगडच्या किनाऱ्यावर त्यात जी भर पडते ती पावसाची आणि वाऱ्याची, आणि माझ्या मते खरी गुंतागुंत तिथेच आहे.

गणपती भाद्रपदात, त्यामुळे रंगकामाचा कडाका आषाढ-श्रावणात. म्हणजे रंग सर्वांत जास्त उडतो त्याच दिवसांत घर सर्वांत जास्त बंद असते. पडवीला ताडपत्री लागते, पश्चिमेच्या खिडक्या लागतात, ओल येऊ नये म्हणून दारांच्या फटी कोंबल्या जातात. रंग वाळत नाही म्हणून मूर्तींपुढे मोठे दिवे लावतात, आणि ती ऊब टिकावी म्हणून खोली आणखी बंद होते. कारागिराची यात काही चूक नाही. ओल्या हवेने मूर्तीला डाग पडला तर नुकसान त्याचेच. पण या बंद खोलीत लावलेला एक्झॉस्टही काम करत नाही, कारण बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा कुठून तरी आत यावी लागते. समोरच्या बाजूला, पाऊस न मारणाऱ्या दिशेला, एक खिडकी किंवा दाराची फळी उघडी राहिलीच पाहिजे. तिला बारीक जाळी आणि वर पत्र्याची झड लावता येते.

दिशेचा विचारही इथल्या वाऱ्याप्रमाणे करावा लागतो. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. समुद्राकडच्या खिडकीत एक्झॉस्ट बसवला तर वारा त्याला उलटा ढकलतो आणि रंग घरात परत येतो. चौमासात बाहेर टाकण्याचे तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला हवे. पाऊस सरल्यावर हे बदलते. दुपारी समुद्रावरून वारा आत येतो, तर उत्तररात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जातो. परदेशी पाठवायच्या मूर्ती हिवाळ्यात पहाटे उठून रंगवणाऱ्याला पश्चिमेची खिडकी सोयीची पडते, दुपारी मात्र तीच खिडकी गैरसोयीची. ज्याच्या घरी होडी आहे त्याला हे वारे कुणी शिकवायला नकोत. मासेमारीसाठी पाठ असलेले हे ज्ञान रंगाच्या खोलीत आणले एवढेच. तपासायची रीतही सोपी आहे. रंगाचा किंवा थिनरचा एकही डबा उघडा नसताना पेटीच्या तोंडाशी उदबत्ती धरावी आणि धूर कुठे जातो ते पाहावे. तो सरळ पेटीत शिरला तर ठीक. घुटमळला किंवा आपल्याकडे वळला तर त्या दिवशी फॅन, खिडकी किंवा दिशा बदलावी.

बाहेर टाकलेली हवा शेजारच्या पडवीत किंवा विहिरीवर जाऊ नये, हेही सांगायला हवे. आळीत घरे दाटीने असतात. फिल्टर कण अडवतो, तोही वेळेवर बदलला तर. वाफेचे तो काही करत नाही.

वाफेच्या बाबतीत ही पुस्तिका जरा कठोर आहे. टोल्युईनची वाफ ४ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी तयार होते, ॲसिटोनची तर शून्याच्याही खाली. अलिबागला किंवा पेणला इतकी थंडी कधी पडत नाही, म्हणजे थिनरचा उघडा डबा बाराही महिने पेटायला तयारच असतो. टोल्युईनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत उंबरा ओलांडते. आणि जमिनीलगत आपल्या घरांत काय काय जळत असते ते आठवावे: देवापुढची समई, डासांची कॉइल, परसातली चूल, खाली मांडलेली शेगडी. साध्या एक्झॉस्ट फॅनच्या मोटरमध्ये किंवा बटणातही ठिणगी पडू शकते. म्हणून थिनरचे रंग घरच्या पेटीत मारू नयेत, ते उघड्यावर मारावेत, आणि पावसात उघड्यावर जाता येत नसेल तर तो रंग त्या दिवशी नको. गन धुताना थिनर हवेत फवारण्याची सवय तर सर्वांत वाईट. धुण्याचे थिनर झाकणाच्या बरणीत सोडावे. गाड्यांसाठी येणारे, दोन डब्यांतले मिसळून वापरायचे चकचकीत क्लिअर कोट घरात आणूच नयेत. त्यातल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो. त्याच्या घातक प्रमाणाची सूचना वास देत नाही, आणि साध्या कार्ट्रिजवर तिथे विसंबता येत नाही.

रंग निवडतानाही घराचा विचार व्हावा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त नसावे असा केंद्र सरकारचा २०१६ चा नियम आहे आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. मूर्तींसाठी पाण्यातले, बिनविषारी रंग वापरावेत असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. त्या सूचनांची चर्चा नेहमी विसर्जनाच्या पाण्याच्या अंगाने होते. समुद्राची आणि तळ्यांची काळजी घ्यायलाच हवी. पण तो रंग पाण्यात उतरण्याच्या कित्येक आठवडे आधी एका घराच्या हवेत उडालेला असतो, याची चर्चा मी क्वचित ऐकली. लेबल नसलेली सुटी पूड, विशेषतः भडक पिवळी आणि नारिंगी, फवाऱ्यात घालू नये. शिसे क्रोमेट याच रंगांत येते, आणि शिशाचा सर्वांत जास्त घात लहान मुलांच्या मेंदूवर होतो.

घासकाम आणि कॉम्प्रेसर यांबद्दल थोडक्यात. शाडूच्या मातीत सिलिका असते, प्लास्टर ऑफ पॅरिसची धूळही बारीक असते. कोरड्या केरसुणीने झाडले की बसलेली धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने पुसावे. कॉम्प्रेसरच्या टाकीत आपल्या दमट हवेतले पाणी साचते, खारी हवा टाकीला बाहेरून खाते आणि हे पाणी आतून गंजवते. तळाची तोटी रोज उघडून पाणी काढावे, सेफ्टी व्हॉल्व्ह कधी बांधून ठेवू नये. हवेच्या नळीत पाणी अडवणारा ट्रॅप बसवला तर मूर्तीवर पाण्याचे थेंबही उडत नाहीत, म्हणजे ही काळजी कामाच्या दर्जालाही उपयोगी पडते. दाबाचेही तसेच. बारीक तोटीच्या एअरब्रशला १५ ते ३० पीएसआय पुरतात. घाईत दाब वाढवला की रंग लवकर बसत नाही, जास्त उडतो.

पुढची प्रकरणे घरातल्या जागेप्रमाणे मांडली आहेत: पडवी असलेले घर, एका खोलीचे घर, इमारतीतला ब्लॉक. पेटी बनवण्याची मापे सुताराला दाखवता येतील अशी दिली आहेत. घरातली बाळंतीण, दम्याचा रोगी आणि शाळकरी मुले यांच्यासाठी दिवसाचे वेळापत्रक कसे बसवावे यावर वेगळे प्रकरण आहे, आणि घरात जो कोणी वेळा ठरवतो त्याने ते सर्वांत आधी वाचावे असे मला वाटते. गौरी-गणपतीच्या तोंडावर रात्री उशिरापर्यंत फवारा चालतो, आणि नेमकी तीच वेळ सगळे घर त्या खोलीत झोपण्याची असते.

एक मागणी मात्र रंगवणाऱ्या कुटुंबांकडे नाही. घरोघर रंगकाम देणारे मोठे कारखानदार आणि व्यापारी कच्च्या मूर्ती पोचवतात, रंग देतात, कधी कॉम्प्रेसरही देतात. त्यांनी त्याच टेंपोतून पेटी, फॅन आणि हंगामाला पुरतील एवढे फिल्टर पाठवावेत. मूर्तीमागे मिळणाऱ्या मजुरीतून हा खर्च कारागिराने काढावा ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. ज्याच्या नावाने मूर्ती विकली जाते त्याने ती ज्या खोलीत रंगली तिथल्या हवेची किंमत मोजावी, आणि पुढच्या हंगामाच्या मजुरीची बोलणी होतील तेव्हा फिल्टरचा खर्च त्या कागदावर वेगळा लिहिलेला असावा.